न केलेल्या खरेदीची पावती

मंडळी, पावती आली म्हणजे पैसे गेले, असं मानू नका!

आज सकाळी चारकोपच्या घरी बाबांना ईमेल आला: ‘अँटिव्हायरसचे एकोणतीस हजार मिळाले. रद्द करायचं असेल तर फोन करा.’ आमच्या सगळ्यांची बिलं बाबांच्याच ईमेलवर येतात. त्यांना वाटलं, मीच काहीतरी घेतलं. मी ऑफिसात, म्हणून मला न विचारता त्यांनी थेट तो नंबर लावला.

“काका, एक ॲप टाका, लगेच पैसे परत,” पलीकडचा आवाज मधाळ.

असलं ॲप टाकलं की मोबाइलचा ताबा पलीकडच्याकडे जातो, आणि त्याच मोबाइलवर बाबांच्या आयुष्यभराच्या बचतीचं खातं आहे. आई ओट्याजवळून कडाडली, “अहो, आधी खातं बघा ना! पैसे गेलेत तरी का?”

एक रुपयाही गेला नव्हता. बाबांनी ॲप न टाकताच फोन कापला.

तुमच्या घरची बिलं कुणाच्या ईमेलवर येतात? पावतीवरच्या नंबराआधी तुम्हाला फोन करायला त्यांना आजच सांगून ठेवा.