आईचा डावा हात

मंडळी, दुपारपासून कामात लक्ष लागत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

मी छोटे गेम बनवते. नव्या गेममध्ये आमची शेळगावची वस्ती आहे, वरून दिसते तशी, सगळी पिक्सेलच्या चौकोनांची. तिच्यातून चालणारी बाई म्हणजे माझी आई. आईचा उजवा हात कोपरापासून नाही. गोठ्यातल्या कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेला. मी तो तसाच काढला. खोटं कशाला दाखवायचं?

चालणारं पात्र चारही दिशांना काढावं लागतं. पण उजवीकडे जाणारी चित्रं झाली, की आम्ही तीच आरशासारखी उलटवून डावीकडे वापरतो. काम वाचतं. मीही तेच केलं.

आज जेवणं झाल्यावर लॅपटॉप आईपुढं ठेवला. बटण दाबत ती उजवीकडे गोठ्यापर्यंत गेली. हसलीसुद्धा. मग डावीकडे वळली आणि थांबली.

"उजवा मशीननं नेला," ती म्हणाली. "ह्यो डावा तू कशाला काढून घेतलास गं?"

चित्र उलटवलं तसा तुटलेला हातही उजव्याचा डावा झाला होता, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथंच बसून डावीकडची चित्रं नव्यानं काढली. त्या बाजूला चालताना तिचा चांगला हात आपल्याकडे येतो. तुटलेला अंगाआड जातो, दिसतच नाही.

तेव्हापासून आई तेवढं एकच बटण दाबतेय. वस्ती संपली, कुंपण लागलं, तरी ती डावीकडंच चालतेय. गोठ्याकडं वळत नाही.

लॅपटॉप परत मागायचा मला धीर होत नाही. तुम्ही मागितला असता?