परत मागितलेलं वाण

राजपुऱ्यातल्या कमलताईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी त्या मागे सरत नाहीत. यंदा संक्रांतीला गल्लीत झाडाचं वाण द्यायचं, हे असंच मनावर घेतलेलं. मुतखड्यावर लोक पान चावून खातात तो पत्थरचट्टा, म्हणजे आपली पानफुटी, त्यांनी नर्सरीतून आणली आणि घरोघरी एकेक कुंडी दिली. हौसेला मोल नसतं.

पावसाळ्यात शेजारच्या अर्चनाची शेळी ती पानं खाऊन आडवी झाली. जनावरांच्या डॉक्टरनं शेळी वाचवली आणि सांगितलं, ही पानफुटी नव्हे, तिची परदेशी चुलत बहीण आहे, विषारी. पानफुटीचं पान रुंद. हिचं अरुंद, खालून जांभळ्या ठिपक्यांचं, आणि झाडावर असतानाच कडेनं इवल्या रोपांची, पिल्लांची रांग.

कमलताईंनी आधी स्वतःचं अंगण खुरप्यानं साफ केलं, तर आठवड्यात दुप्पट उगवलं! खुरप्यानं पिल्लं सगळीकडे विखुरली होती. मग त्या एकेक पिल्लू बोटांनी वेचू लागल्या आणि उकिरड्यावर न टाकता काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवू लागल्या. पण खरी पंचाईत पुढेच होती. दिलेलं वाण कुणी परत मागत नाही.

"लोक तोंडात शेण घालतील," सून स्नेहल म्हणाली.

"घालू दे. कोणाच्या पोटात जहर तर नाई जाणार."

टोमणे ऐकत त्यांनी सगळ्या कुंड्या गोळा केल्या. अडल्या फक्त सखूबाई. यजमान गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं.

"मी पान नाई खाणार, पण कुंडी नाई देणार," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सांत तू एकटीनं मले वाण दिलं कमल. आता ते बी परत नेते?"

कमलताईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. असं कधी झालेलं मी तरी पाहिलं नाही. जीव तुटत होता, पण कुंडीखाली फरशीच्या फटीत पिल्लं उगवलेली त्यांना दिसत होती.

"नेते," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि येत्या संक्रांतीले पहिलं बोलावणं तुमचं. कुंकू मी माझ्या हातानं लावीन. ज्याले पटणार नाई त्यानं येऊ नये."

 सखूबाई पदर खोचून खाली बसल्या आणि फटीतली पिल्लं स्वतःच वेचू लागल्या.

"पिशवी नीट धर," त्या म्हणाल्या. "एक बी सुटलं नाई पाहिजे."