कचरा म्हटलेली फाइल

माझ्यावर कुणी हसलं तर मी विसरत नाही. चहा पाजतो आणि वाट बघतो.

हैदराबादेत, कुकटपल्लीच्या मसाल्याच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. पुण्याहून नवे साहेब आले, माझ्या पुतण्याच्या वयाचे. ऑर्डर घेणारं एक आणि स्टिकर छापणारं एक, अशी आमची दोन जुनी सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत एकच होत होती. साहेब म्हणाले, चढवा. चढवा की! पण कोणत्या मजल्याचं स्टिकर कोणत्या प्रिंटरवर जायचं, हे मी एका सेटिंगच्या फाइलीत वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो. म्हटलं, "साहेब, या ओळी आधी नव्या फाइलीत उतरवून घेऊ."

त्यांनी अख्ख्या पॅकिंग हॉलसमोर फाइल उघडली. "काका, हा कचरा आहे! आणि कचरा सांभाळणाऱ्याची जागा गोदामात. पहिल्या तारखेपासून तिकडेच बसा."

लोक हसले. मीही हसलो, आणि फाइलीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन खिशात टाकली.

आमच्याकडे अशा कामाआधी नारळ फुटतो आणि पहिली कळ मोठ्या माणसानं दाबायची. नारळ मी फोडला. स्क्रीनवर प्रश्न आला: जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची? मी अदबीनं खुर्ची पुढे सरकवली. "मान तुमचा, साहेब." त्यांनी दिमाखात नवी घेतली.

नव्या फाइलीला एकच प्रिंटर ठाऊक, यादीतला पहिला. तो साहेबांच्या केबिनमध्ये! मिरची, हळद, धने, साऱ्या कारखान्याची स्टिकरं साध्या कागदावर छापून तिथे धो धो बरसू लागली. खाली ट्रक खोळंबलेले, मालक तणतणत जिना चढून वर, आणि साहेब कागदांत घोटाभर बुडालेले. तिकीट लावायला हवं होतं!

"काका, ती जुनी फाइल..."

"कचरा? तो तर तुम्हीच टाकलात." मी चहा संपवला. सावकाश. मग खिशातून पेनड्राइव्ह काढला. "तुम्ही वाचा, मी नव्या फाइलीत टाइप करतो. जरा मोठ्यानं हं, हल्ली मला कमी ऐकू येतं."

माझे कान ठणठणीत आहेत.

मग पॅकिंग हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, ते एकेक ओळ वाचत गेले. शेवटची ओळ मशीनसाठी नव्हती; पुढे फाइल उघडणाऱ्या माणसासाठी मी कधीकाळी लिहून ठेवलेली टीप होती. साहेब अडखळले.

"वाचा की," मालक म्हणाले.

"इसको हात नक्को लगाओ. लगाया तो रोते बैठेगा."

हॉलमध्ये हशा पिकला. हसता हसता डोळे पुसत मालकांनीच गोदामाचा विषय मिटवला. ती टीप मी नव्या फाइलीतही टाइप केली. या वेळी सगळ्यात वर.