एक तास चाळीस मिनिटांचे अंतर

वसंता गेला, हे त्याच्या मुलाने, निखिलने, मला फोनवर कळवले. त्याला आता पाच आठवडे झाले. शोकसभेत जो तो उठून सांगत होता, की अखेरीस वसंतरावांना भ्रम झाला होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा विमानतळांची नावे घेऊन ते वेळ विचारत. मी तेव्हा गप्प बसलो, हा माझा दोष. ते विधान साफ चुकीचे आहे आणि ते खोडून काढण्यासाठीच हा लेख.

वसंताने आयुष्यभर विमानांचे मार्ग आखले. मी पूल बांधले. दोघेही विधुर होऊन सिंगापूरला मुलांकडे आलो... तो शहराच्या पश्चिम टोकाला चोआ चू कांगला, मी पूर्वेला ईस्ट कोस्टला. दर शनिवारी मी बस आणि एमआरटी मेट्रोने त्याच्याकडे जाई. चहा झाला की तो दोन दूरचे विमानतळ निवडी. अंतर आणि वेळ आधी अंदाजाने सांगायची, मग पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून ताडून पाहायची.

त्या शनिवारी जोडी होती नॉर्वेच्या उत्तरेचे ट्रॉम्सो आणि त्याहून वर, हिमाच्छादित बेटावरचे लाँगइयरब्येन. मी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून चार तास सांगितले. वसंता हसला आणि गोलावर दोन टाचण्या खोचून त्याने दोरा ताणला.

"अरे, सपाट कागदावर उत्तर फुगते. जेमतेम साडेनऊशे किलोमीटर. एक तास चाळीस मिनिटं! तुला घरून इथे यायला लागतात तेवढीच. म्हणजे तू दर शनिवारी ट्रॉम्सोहूनच येतोस म्हण!"

"तुझा दोरा ढिला आहे."

"आणि पूल असेच मोजलेस काय रे? उभे आहेत ना अजून?"

ते मला लागले. छत्री उचलून मी निघालो आणि पुढचे तीन शनिवार गेलो नाही. वास्तविक दुसऱ्याच दिवशी नातीच्या गोलावर मी दोरा ताणून पाहिला होता. वसंता बरोबर होता. फोन करून एवढेच सांगायचे होते...

चौथा शनिवार त्याने पाहिला नाही.

आधीच्या तिन्ही शनिवारी, त्याच्या सूनबाई सांगतात, तो दाराकडे तोंड करून बसे. "विमान ट्रॉम्सोहून निघालं असेल. एक तास चाळीस मिनिटं झाली की चहा टाक." त्यांनी डॉक्टरांना फोन केला. याला भ्रम म्हणतात? तो माझी वाट पाहत होता.

गेल्या शनिवारी जाऊन मी निखिलला हे ठणकावून सांगितले.

"काका, मग तुम्ही आला का नाहीत?"

मी उठलो. पृथ्वीचा गोल खिडकीपाशी तसाच होता. दोन टाचण्यांमध्ये वसंताने बांधलेला दोराही. मी त्यावर बोट ठेवून पाहिले.

ढिला नव्हता.