दगडाचा डॉक्टर

पृथ्वीचं भवितव्य येडगावच्या एका माणसाच्या हाती आहे. असं तो म्हणत नाही, त्याची आई म्हणते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आपल्या काळ्या दगडात खोल पुरला तर त्याचाही दगड होतो, या विषयात त्याने डॉक्टरेट केली. पुढच्या संशोधनासाठी तो परदेशी विद्यापीठांना अर्ज करतो आणि संध्याकाळी धरणाकडे बघत म्हणतो, "तिकडं आता दुपार असंल."

गाव मात्र त्याला बोअरची जागा दाखवायला नेतं. परवा त्याच्या चुलत्यांनी माझ्यासमोरच त्याच्या तळहातावर नारळ आडवा ठेवला. पाणी असेल तिथे तो उभा राहतो म्हणतात.

"तात्या, माझा विषय वायू पुरायचा हाय, पाणी काढायचा न्हाई."

"भोक तर दोन्हीला पाडावंच लागतं ना? चल, राव!"

तो नारळ सांभाळत रानात फिरू लागला. तेवढ्यात फोन वाजला. ज्या उत्तराची तो वर्षभर वाट पाहत होता, ते आलं होतं. दुसऱ्या हातात फोन धरून त्याने नकार वाचला. हात थरथरला आणि नारळ उभा राहिला.

"हितंच!" तात्या ओरडले.

बोअरला चांगलं पाणी लागलं. आता त्याला बोरी बुद्रुकहून बोलावणं आलं आहे.