भरलं पातेलं

शेजारून लसणाच्या फोडणीचा वास आला की अमडापूरची ती संध्याकाळ आठवते. त्या दुपारी दोघा भावांची वाटणी झाली आणि एकाच घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. इतकी वर्षं पोळ्या माझ्याकडे, भाजी मोठ्या जाऊबाईंकडे. सवयीनं मी पोळ्याच लाटत बसले आणि ताटं वाढताना लक्षात आलं की भाजी केलीच नाही. भिंतीपलीकडून वांग्याचा वास येत होता. "काकूले भाजी मागू का?" मुलीनं विचारलं. "चूपचाप जेव," हे म्हणाले. आम्ही तेल-तिखटाशी पोळी खाल्ली. भांडी घासायला अंगणात गेले, तर जाऊबाई नळापाशी उभ्या. हातातलं भाजीचं पातेलं काठोकाठ भरलेलं. "जेवली का वं?" त्यांनी विचारलं. "हाव. तुम्ही?" "आम्हीबी जेवलो," त्या म्हणाल्या. आता बुलढाण्यात भाजी-पोळी दोन्ही मीच करते, एकटीपुरती.