वडावरच्या माहेरवाशिणी

भूमजवळच्या आमच्या मळ्यातल्या वडावर दरवर्षी आग्या माश्या यायच्या. करडई फुलली की एका सकाळी फांदीला काळं मोहोळ लटकलेलं दिसायचं, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की त्या उठून कुठंतरी निघून जायच्या. आई त्यांना माहेरवाशिणी म्हणायची. त्या असेपर्यंत वडाखाली जाळ करायची कुणाची टाप नव्हती. मध काढायचा तो त्या गेल्यावर, उरलासुरला. मला राग यायचा. एवढं पोळं डोक्यावर, आणि आम्ही चाटायची ती कोरडी बोटं.

थोरली बहीण बार्शीकडं दिलेली. मधे निजामाचा करोडगिरी, म्हणजे जकातीचा, नाका होता, तरी संक्रांतीला ती यायचीच. रझाकारांच्या धामधुमीत वाट बंद झाली. त्या हिवाळ्यात ती आली नाही, तिचा निरोपही आला नाही. माश्या मात्र आल्या. आई वडाखाली उभी राहून म्हणायची, "ह्यास्नी वाट घावती, मग तिलाबी घावंल." तेवढ्याच आधारावर ती जगत होती, आणि मीही.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की गेलेल्या माश्या परत येतच नाहीत. कामकरी माशीचं आयुष्य असतं काही आठवड्यांचं. परततात त्या परमुलखात जन्मलेल्या; हा वड त्यांनी कधी पाहिलेलाही नसतो. निघायची वेळ ऊन, पाणी आणि फुलोरा सांगतो, ओढ मात्र रक्तातून उतरलेली असते. नेमकं तेच झाड त्यांना कसं सापडतं, हे जाणकारांनाही पुरतं उमगलेलं नाही. आई तेव्हा हयात नव्हती. असती तरी तिला यात नवं काही वाटलं नसतं.

कारण पोलीस ॲक्शननंतर वाट मोकळी झाली, पुन्हा माश्या आल्या, आणि मागोमाग दाजींची बैलगाडी दारात थांबली. गाडीत बहीण नव्हती. ती आदल्या हिवाळ्यातच बाळंतपणात गेली होती. कळवायला वाट नव्हती. दाजींनी गाडीतून उतरून हे सांगितलं. त्यांच्या कडेवर वर्षाची पोर होती, तिचे डोळे बहिणीचे. मला त्या पोरीकडं बघवेना.

आई आत गेली. परत आली ती भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. लेक माहेरी आल्यावर करतात तसा तिनं तो तुकडा पोरीवरून ओवाळून टाकला, तिच्या इवल्या पायांवर पाणी घातलं आणि तिला उराशी घेतलं.

"लई उशीर केलास, बाई," आई म्हणाली.